भाव छापलेलं टोक

घनसावंगीच्या बस स्टँडसमोर रामप्रसाद सेठचं मेडिकल आहे आणि त्याच्या काउंटरमागे मुबारक एकोणतीस वर्षं उभा आहे. उभा म्हणजे उभाच. स्टूल दिलेलं आहे, पण त्यावर बसत नाही. बसलेल्या माणसाशी गिऱ्हाईक वरून बोलतं, आणि आपल्याशी वरून बोलावं अशा लायकीचा माणूस ह्या तालुक्यात अजून जन्माला यायचाय, असं त्याचं मत आहे.

मतं त्याच्याकडे पुष्कळ, आणि त्यांतलं एकही कुणाच्या कौतुकाचं नाही. कंपन्यांचे एमआर टाय लावून, बॅग घेऊन येतात, त्यांना तो नवरदेव म्हणतो. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचताना असं तोंड करतो की जणू कुणी नासकं दूध हुंगायला दिलंय. मालक रामप्रसाद हा म्हाताऱ्या सेठचा मुलगा. तो मुबारकला चाचा म्हणतो आणि दिवसभर मोबाइलवर सोन्याचा भाव बघतो. तापाची गोळी कोणती आणि जुलाबाची कोणती हे विचारलं तर आजही तो मुबारककडेच बघतो. पण मुबारकनं आपला खरा तिरस्कार राखून ठेवलाय तो गिऱ्हाइकासाठी.

बाई येते, म्हणते, ती गुलाबी पाकिटातली दिलाची गोळी द्या. नाव काय? माहीत नाही. किती पावरची? माहीत नाही. हीच बाई बाजारात वांगं घेताना देठ बघते, कीड बघते, आणि दोन रुपयांसाठी माळणीचं अर्धा तास डोकं खाते. पण रोज पोटात जाणाऱ्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते तिच्या सात पिढ्यांत कुणी वाचलेलं नाही. बाईच कशाला, शाळेचे मास्तर, ग्रामसेवक, बँकेतले साहेब, सगळे एका माळेचे मणी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मुबारक म्हणायचा. पीठ खाणारा कोण हे मात्र तो कधी बोलला नाही.

खरी गोम त्याला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच कळली होती. गोळीला दोन नावं असतात. एक मोठ्या रंगीत अक्षरांतलं, कंपनीनं बारसं करून ठेवलेलं. दुसरं त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत, आत खरोखर कोणतं औषध आहे आणि किती मिलिग्रॅम आहे ते सांगणारं. रक्तातली चरबी कमी करणारी गोळीच घ्या. तेच औषध, तेवढेच मिलिग्रॅम, बाजारात तीन रूपांत मिळतं. पहिली मोठ्या नावाची, बावीस रुपयांना एक. दुसरी जेनरिक म्हणून दुकानातच ठेवलेली. तिच्यावर सोळा छापलेले, दुकानाबाहेर वीस टक्के सूट अशी पाटी, म्हणून गिऱ्हाईक तेरा रुपये देऊन आपण सेठला लुटलं अशा आनंदात घरी जातं. दुकानात ती आलेली असते दीड रुपयाला. आणि तिसरी जालन्याला, सरकारी जनऔषधीच्या दुकानात, जिच्यावर भावच मुळात दोन रुपयांच्या आत छापलेला. नुसतं जेनरिक द्या म्हणून भागत नाही, पाकिटावर भाव काय छापलाय ते बघावं लागतं. पण बघणार कोण?

आणि बघता येऊ नये ह्याची तजवीज मुबारकची कात्री करत होती. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं अख्खं पाकीट घेत नाहीत, पुढच्या बाजारापर्यंतच्या सात गोळ्या मागतात. सात कापून द्यायच्या. म्हाताऱ्या सेठनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की कापायचं ते अलीकडून, भाव आणि तारीख छापलेलं टोक दुकानात राहिलं पाहिजे. तारखेसाठी ते बरोबरच होतं, शेवटच्या गोळीपर्यंत तारीख दिसायला हवी. पण म्हातारा सेठ काही तारखेसाठी शिकवत नव्हता. एकोणतीस वर्षांत मुबारकनं लाखभर तुकडे कापून दिले असतील, आणि गिऱ्हाइकाच्या हातात गेलेल्या तुकड्यावर भाव कधी दिसला नाही.

सुरुवातीला एकदा त्यानं जीभ सैल सोडून बघितली होती. गल्लीतल्या कांताबाईला रोजच्या गोळीऐवजी त्याच औषधाची स्वस्तातली दिली, वर समजावूनही सांगितलं. ती पाकीट घेऊन डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं ते टेबलावर फेकलं आणि खडू आहे म्हणाला. मग कांताबाईनं भर बाजारात दुकानासमोर येऊन मुबारकच्या खानदानाचा उद्धार केला. मेल्यानं माझ्या जिवावर उठून दोन पैसे खाल्ले, म्हणाली. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. त्या दिवशी म्हाताऱ्या सेठनं त्याला एक वाक्य पाठ करून दिलं. कुणी स्वस्तातलं विचारलंच तर एवढंच म्हणायचं, घ्यायची तर घ्या, गॅरंटी आपली न्हाई. वाक्यात खोटं काही नव्हतं. पण ते ऐकल्यावर स्वस्तातली गोळी नेणारं गिऱ्हाईक मुबारकनं पाहिलं नाही.

घरी मात्र वेगळा कारभार. बायको मेहरुन्निसाच्या रक्तात चरबी निघाली त्याला सहा वर्षं झाली. मुबारकनं चिठ्ठी घेतली, मुंगीएवढ्या अक्षरांतलं नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहिले आणि जालन्यात मस्तगडला दिलेल्या लेकीला, कहकशाला पाठवले. तेव्हापासून कहकशा दर महिन्याला जनऔषधीतली तीन पाकिटं जीपवाल्याच्या हाती पाठवते. वर्षातून एकदा मेहरुन्निसाचं रक्त तपासतात. रिपोर्ट चांगला येतो. त्यात मुबारकला काही वावगं वाटत नव्हतं. हलवाई आपल्या दुकानातली मिठाई खातो का, असं तो स्वतःशी म्हणायचा.

आता ह्या माणसाला जगात एक दोस्त होता, आणि तोही तिरस्कार करण्यातच जमलेला. काकासाहेब. गोदाकाठच्या गावचा, पंचवीस एकराचा धनी, ऊस आणि कापूस. दहावीपर्यंत दोघं घनसावंगीच्या शाळेत एका बाकावर. कहकशाच्या लग्नात हा काकासाहेब दोन दिवस मांडवात उभा होता आणि बिर्याणीच्या डेगी स्वतः उतरवल्या होत्या. ईदला तो शीरखुर्मा प्यायला येणार, कंदुरीच्या मटणाला मुबारक त्याच्याकडे जेवायला जाणार. भेटले की एकमेकांची अक्कल काढणार. मुबारक त्याला म्हणायचा, पोटात न्हाई आणि मिशीला तूप. काकासाहेब म्हणायचा, तुझ्या तर मिशीबी न्हाईत. गिऱ्हाईक असलं की मात्र मुबारक त्याला काकासाहेब, बसा म्हणायचा, कारण दोस्ताची पत दुकानात राखलीच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी काकासाहेबाच्या छातीत कळ आली. जालन्याला नेलं, तिथून पुढं नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. रक्त पातळ करायची गोळी, प्रेशरची गोळी आणि चरबीची गोळी, ही तिसरी जन्मभर आणि रोज. काकासाहेब महिन्याच्या पहिल्या तारखेला पांढऱ्या कपड्यात यायचा, काउंटरवर नोटा टाकायचा आणि मोठ्या नावाची तीन अख्खी पाकिटं न्यायचा. भाव विचारायचा नाही. भाव विचारणं त्याच्या खानदानात बसत नव्हतं. मुबारक पाकिटं द्यायचा, नोटा गल्ल्यात टाकायचा, आणि मनात म्हणायचा, घे लेका, तुझ्या मिशीचं तूप आहे हे.

मागच्या दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. पहिली तारीख गेली, पंधरावी गेली, काकासाहेब आला नाही. आला तो पुढच्या महिन्याच्या आठला, आणि बाकीच्या गोळ्या पूर्ण घेऊन चरबीच्या फक्त दहा मागितल्या. त्यानंतर तर पाच. अख्ख्या पाकिटाच्या माणसानं पाच गोळ्या कापून मागितल्या तेव्हा मुबारकची कात्री अर्ध्यावर थांबली. बाकी माणसं काय खातात आणि काय नाही ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, पण ह्या एका माणसाच्या गोळ्या त्याच्या डोक्यात मोजलेल्या होत्या. सव्वा महिन्यात दहा. मग बाकीचे दिवस काय खातो हा?

गिऱ्हाईक पांगल्यावर त्यानं विचारलं. काकासाहेबानं जे सांगितलं ते ऐकून मुबारकनं कपाळावर हात मारला. गोळी चरबीची. चरबी येते मटणातून. तर ज्या दिवशी मटण, त्या दिवशी गोळी. रविवारी एक, पाहुण्यारावळ्यात एक. एकादशीला, चतुर्थीला, सोमवारी पोटात तेलातुपाचा थेंब जात नाही, मग गोळी कशाला वाया घालायची?

"कंदुरीला दोन घेत असतो," काकासाहेब म्हणाला. "जसा माल, तशी गोळी."

आपण फार मोठा शोध लावला असा त्याचा चेहरा होता. मुबारकनं त्याला दीड शहाणा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं जे इथं लिहिण्यासारखं नाही. मग सांगितलं की बाबा, मटणातून येते ती थोडी. बाकीची चरबी तुझं लिव्हर स्वतः बनवतं. साखर कारखाना ऊस संपला की बंद पडतो, लिव्हरचा हंगाम बारा महिने चालू. तू एकादशी धरतोस, ते धरत नाही. आणि तू ज्या दिवशी गोळी सोडतोस त्या दिवशी ते तुझ्या त्या लाखाच्या स्प्रिंगवर थर चढवतं.

काकासाहेब खिडकीबाहेर बघत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "परवा जांबला देवदर्शनाला गेल्तो. गाडीपासून देवळापर्यंत चालत गेलो तर छातीवर कुनीतरी बसल्यावानी झालं. दोनदा थांबलो. नंदाला न्हाई सांगितलं."

असल्या माणसांचं पुढं काय होतं ते मुबारकनं एकोणतीस वर्षं बघितलं होतं. नवरा सहा महिने दिसत नाही, मग एक दिवस बायको येते, उरलेल्या गोळ्या काउंटरवर ठेवते आणि परत घेता का म्हणून विचारते. काकासाहेबाची बायको नंदाबाई तशी काउंटरपाशी उभी आहे असं त्याला क्षणभर दिसलं आणि त्याचा राग आणखी चढला. पंचवीस एकराचा धनी, गावात लग्नाला पाच हजारांचा आहेर करतो, आणि जिवाच्या गोळीत काटकसर. खरं तर पैसे नाहीत असंही नव्हतं. बावीस रुपयांची एक गोळी रोज गिळायची म्हणजे कुणीतरी आपल्याला रोज लुटतंय, हे काकासाहेबाला आतून खुपत होतं, आणि भाव विचारायची तर खानदानात पद्धत नाही. मग त्यानं मटणाचा हिशोब काढला. मूर्खांचा बाजार आहे हा सगळा, मुबारकला वाटलं.

तेव्हा त्यानं एकोणतीस वर्षांत फक्त एकदा केलेली गोष्ट दुसऱ्यांदा केली. आवाज बारीक करून म्हणाला की हेच औषध दोन रुपयांत मिळतं, मी जालन्याहून मागवून देतो, पण रोज खा.

काकासाहेब त्याच्याकडे वळला. अपमान झाल्यासारखा वळला.

"धर्मशाळेतली गोळी मला?" म्हणाला. "अन् तूच म्हणला होता की. माझा बाप आजारी असताना म्या ह्याच जागी उभं राहून इच्यारलं व्हतं तुला, स्वस्तातली येते म्हणतेत, ती घ्यावं का? काय म्हणला व्हता तू? गॅरंटी आपली न्हाई. आता कुठून आली गॅरंटी?"

तोंडाळ माणूस, ज्याला जालन्यापर्यंत कुणी बोलण्यात हरवलं नव्हतं, तो काउंटरवरची कात्री उचलून खाली ठेवत राहिला. बारा वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्याला आठवतही नव्हतं. दिवसातून दहादा म्हणायचं वाक्य, कुणाकुणाला म्हटलं ते कोण ध्यानात ठेवतो? काकासाहेबानं पाच गोळ्या खिशात टाकल्या, आठ रविवार निघतील म्हणाला, आणि गेला. पाच गोळ्यांत आठ रविवार कसे निघणार हेही त्या शहाण्याला विचारायचं राहून गेलं.

गॅरंटी होती की. घरात, फळीवर, मेहरुन्निसाच्या चष्म्याच्या डबीशेजारी. सहा वर्षांची गॅरंटी, रिपोर्टसकट. पण ती दाखवायची म्हणजे काय दाखवायचं? दोस्ताला बावीसची आणि घरच्या बाईला दोनची, हेच दाखवायचं. काकासाहेबानं दोन वर्षं पहिल्या तारखेला नोटा टाकल्या आणि मुबारकनं त्या घेतल्या, तेव्हा ही फळी काही दुसऱ्या गावात नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं लोकांबद्दल म्हणतात. मुबारकचं तर त्याहून वाईट. ब्रह्मज्ञान घरात आणि पाषाण गिऱ्हाइकाला. आठ दिवस तो चिडचिड करत राहिला. एमआरला हाकलून दिलं, रामप्रसादवर डाफरला, आणि एका म्हातारीनं निळ्या पाकिटातली गोळी मागितली तर तिला आकाश निळं आहे, ते नेता का म्हणाला.

शेवटी मेहरुन्निसानंच विचारलं, काय चाललंय म्हणून. त्यानं सांगितलं, काकासाहेब कसा येडा आहे, मटणाच्या दिवशी गोळी खातो वगैरे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो मेरी गोली दिखा दो ना उनकू. मैं छे साल से खा रही, जिंदा हूं."

मुबारकनं फळीकडे बघितलं आणि नजर वळवली. तिनं मान वर करून बघितलं आणि तिला समजलं.

"हौ," ती म्हणाली. "शरम आती."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मुबारकनं दुपारून सुट्टी मागितली तेव्हा रामप्रसादनं प्रथमच मोबाइलमधून डोकं वर काढलं. घरी जाऊन त्यानं फळीवरचं पाकीट घेतलं. दहातल्या तीन गोळ्या मेहरुन्निसानं खाल्लेल्या, सात शिल्लक. आणि मग त्यानं जे केलं ते हातानं केलं की डोक्यानं, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि भाव छापलेलं टोक कापून टाकलं. टोकाबरोबर औषधाचं नाव आणि जनऔषधीचा सरकारी शिक्काही गेला. तुकडा कोरा झाला. आता हा नवीन कंपनीचा आहे म्हणता येईल, दुकानातलाच आहे म्हणता येईल, काहीही म्हणता येईल. काकासाहेब गोळी खाईल, जिवंत राहील आणि मुबारकची इज्जतही राहील. टोक फेकून द्यायला तो दारापर्यंत गेला, पण औषधाचा कागद रस्त्यावर टाकायची सवय नव्हती, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं.

जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली. शेजारच्या माणसानं त्याला ओळखलं आणि गुडघ्याला कोणती गोळी चांगली असं विचारलं. मुबारक म्हणाला, चालणं.

काकासाहेबाचं घर स्लॅबचं, नवीन, पुढं लोखंडी ग्रिल आणि आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नंदाबाईनं पाणी दिलं, कहकशाची चौकशी केली आणि भाईंना उपासाचं चालतंय का म्हणून साबुदाणा टाकायला आत गेली. काकासाहेब खुर्चीत बसला होता, पण बसलेला दिसत नव्हता, ठेवलेला दिसत होता. चेहरा उतरलेला. आज गोळी घेतली का हे मुबारकनं विचारलं नाही. एकादशी होती, उत्तर माहीत होतं.

त्यानं तुकडा काढून पुढं धरला. नवीन कंपनी आहे म्हणाला. चांगली आहे, स्वस्तात देतो, रोज खा. एवढं सगळं एका दमात बोलला आणि आपला आवाज त्या टायवाल्या नवरदेवांसारखा येतोय हे त्याला ऐकू आलं.

काकासाहेबानं चष्मा लावला. तुकडा उलटा केला, सुलटा केला. जन्मात पहिल्यांदा हा माणूस गोळीचं पाकीट वाचत होता, आणि वाचायला त्यावर काही नव्हतं. तीन फुटलेली घरं त्यानं अंगठ्यानं दाबून बघितली.

"ह्याचं टोक कुठंय?" त्यानं विचारलं.

मुबारक म्हणाला, तारखेसाठी दुकानात ठेवावं लागतं.

"दुकानातून न्हाई आलं हे. दुकानातलं तू कागदात बांधून देतो. अन् ह्यातल्या तीन कुनी खाल्ल्या?"

आत साबुदाणा तडतडत होता. मुबारकनं ग्रिलकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं. उठून जाता आलं असतं. जीप उभी होती. काकासाहेबानं तुकडा खुर्चीच्या हातावर ठेवून दिला, आता तो त्याला हात लावणार नव्हता, आणि रविवार तीन दिवसांवर होता. मुबारकनं खिशात हात घातला, टोक बाहेर काढलं आणि त्या तुकड्याला लावून ठेवलं. कडा बरोबर जुळल्या.

काकासाहेबानं वाचलं. नाव वाचलं, मिलिग्रॅम वाचले, मग भाव वाचला. बराच वेळ वाचत राहिला.

"कुनाचंय हे?"

"मेहरुन्निसाचं."

"कवापासून?"

"सहा वर्षं."

काकासाहेबानं चष्मा काढला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मुबारकला बरं वाटलं असतं, त्याला ओरडणाऱ्या माणसांची सवय होती. काकासाहेब नुसता त्याच्याकडे बघत राहिला, आणि ती नजर मुबारकला ओळखीची वाटली. गुलाबी पाकीट मागणाऱ्या बाईकडे तो स्वतः जसं बघायचा, तसंच हे बघणं होतं.

"घरी दोनची, दोस्ताला बावीसची," काकासाहेब म्हणाला. "बराबर हाये. धंदा हाये."

मग त्यानं एक गोळी अंगठ्यानं फोडून बाहेर काढली. नंदाबाईनं ठेवलेला तांब्या उचलला. एकादशीच्या दिवशी, पोटात तेलातुपाचा थेंब नसताना, गोळी जिभेवर ठेवली आणि वरून पाणी प्यायला.

"तुझ्यावर इश्वास ठिवून न्हाई घेतली," तो म्हणाला. "भाभीवर ठिवून घेतली."

नंदाबाई साबुदाण्याच्या ताटल्या घेऊन बाहेर आली तेव्हा दोघं दोन दिशांना बघत होते. मुबारकनं साबुदाणा खाल्ला, कारण ताटात टाकलेलं सोडून उठायची त्याच्याकडे पद्धत नाही. चव कशी होती ते त्याला सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात काकासाहेब स्वतः त्याच्या डॉक्टरकडे गेला, ते पाकीट टोकासकट टेबलावर ठेवलं आणि हे तेच औषध आहे का म्हणून विचारलं. डॉक्टरनं चष्म्यातून बघितलं. औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, चालेल म्हणाला, पण एक दिवसही चुकवायची नाही, आणि छातीवर दाब आल्याचं आधी का सांगितलं नाही म्हणून झापलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, तीन महिन्यांनी परत बोलावलं. हे सगळं नंदाबाईकडून मेहरुन्निसाला आणि मेहरुन्निसाकडून मुबारकला कळलं. काकासाहेब त्याच्याशी बोलत नव्हता. आजही बोलत नाही. ईदला आला, भाभीच्या हातचा शीरखुर्मा प्यायला, अदबीनं ईद मुबारक म्हणाला, पण ते तिला म्हणाला.

दुकानात मुबारक आता कात्री उलट्या बाजूनं चालवतो. आधी टोक देतो, भावासकट, आणि गिऱ्हाईक समोर असताना पाकिटावरची तारीख पेननं उरलेल्या भागावर लिहून ठेवतो. रामप्रसादनं बघितलं. बघून काही बोलला नाही, कारण त्याला माहीत आहे की लोक वाचत नाहीत. खरंच नाही वाचत. सहा महिन्यांत एका माणसानं भाव वाचून तोंड वर केलं, आणि तेही छापील भावावर सूट किती विचारायला. असल्या लोकांना खुदानं डोळे कशाला दिले, असं मुबारक अजूनही म्हणतो, फक्त पूर्वीइतक्या मोठ्यानं म्हणत नाही.

आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला काकासाहेब येतो. पांढरे कपडे, तीच ताठ मान. औषध घेत नाही. तो जालन्याहून आणतो, स्वतः रांगेत उभा राहून. काउंटरपाशी येतो, खिशातून तीन रिकामी पाकिटं काढतो, अख्खी, कुठंही न कापलेली, आणि मुबारकच्या समोर टाकतो. कधीकाळी नोटा टाकायचा तशीच. मग मुबारककडे न बघता वळतो आणि निघून जातो.

परवाच्या पहिल्या तारखेला तो दुपारपर्यंत आला नाही. मुबारकनं दोनदा बाहेर येऊन स्टँडकडे बघितलं. एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी गुळण्यांचं दिलं, आणि आपली चूक कळल्यावर उलट त्यालाच झापलं. चार वाजता पांढरा सदरा उन्हातून येताना दिसला. काकासाहेबानं पाकिटं टाकली आणि गेला. तो रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मुबारक थांबला. मग एकेक पाकीट उजेडाला धरून फुटलेली घरं मोजली. तीस होती. पाकिटं त्यानं ड्रॉवरमध्ये, आधीच्या पाकिटांवर ठेवली आणि पुढच्या बाईला काय पाहिजे म्हणून विचारलं.